एल्कचा टॅग: सोडत, रांग की पाकीट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी शिकारीचा परवाना काढला. कोलोरॅडोत त्यांच्या नावावर एल्कचे (हे एक मोठं हरिण) सहा प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे हुकलेल्या अर्जांचे गुण, साठलेत, पण मनातलं युनिट (शिकारीचं ठरलेलं क्षेत्र) दरवर्षी हुकतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याला मात्र न्यू मेक्सिकोत पहिल्याच अर्जात नर एल्कचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायची परवानगी, लागला. वर कुणीतरी लिलावात एकच टॅग लाखो डॉलरना घेतल्याचं त्यांच्या वाचनात आलं. ते विचारतात, ‘ही लॉटरी न्याय्य आहे का? आणि कुठल्या राज्याची पद्धत त्यातल्या त्यात बरी?’

मी पश्चिमेकडच्या राज्यांत बरीच वर्षं शिकार करतो, ओळखीपाळखीच्या लोकांचे अर्ज भरून देतो, आणि पोटापाण्याचा व्यवसाय संख्याशास्त्राचा असल्यामुळे या सोडतींचे आकडे उकरून पाहायची खोड आहे. त्या जोरावर उत्तर आधी सांगून टाकतो. सोडत काढण्याचं काम इथे सचोटीने होतं. संगणकात कुणाचा अर्ज मुद्दाम वर ढकलला जातो असं मानायला मला कधी कारण मिळालं नाही. खोट असते ती सोडतीच्या आधी. एकूण टॅगांपैकी किती टॅग सोडतीपर्यंत पोचतात, अर्ज करणं कुणाला परवडतं आणि मागच्या वर्षी हुकलेल्याच्या नावावर यंदा किती जास्त चिठ्ठ्या पडतात, या तीन गोष्टींत सगळं येतं. राज्याराज्यांत त्या इतक्या वेगळ्या आहेत की सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. पण कुठली पद्धत कुणाच्या मुळावर येते हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच मिटला, त्यामुळे सरकार स्वतः शिकारीची परवानगी वाटतं हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. अमेरिकेत रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं. ते राज्यातल्या जनतेचं, आणि राज्य त्याचं विश्वस्त. प्रत्येक युनिटमध्ये जीवशास्त्रज्ञ कळपांचा अंदाज घेतात, शंभर माद्यांमागे किती नर राहिले पाहिजेत ते ठरवतात, आणि त्यावरून यंदा किती टॅग द्यायचे याचा आकडा निघतो. एका टॅगवर एकच जनावर. युनिट, तारखा आणि हत्यारही ठरलेलं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका आणि काडतुसांवर केंद्रीय कर लागतो. तो आणि परवान्यांची फी हा राज्यांच्या वन्यजीव विभागांचा मोठा आधार आहे. शिकार असावी की नसावी या वादात मी इथे शिरत नाही. टॅग किती हे ठरलं, आता ते वाटायचे कसे, एवढाच आपला प्रश्न आहे.

सोडत म्हटलं की मराठी माणसाला म्हाडा आठवते, आणि ती तुलना इथे उपयोगाचीही आहे. म्हाडात उत्पन्नगट असतात, राखीव कोटे असतात, अर्जासोबत अनामत रक्कम भरावी लागते. हे सगळं इथेही वेगळ्या रूपात आहे. पण म्हाडात गेल्या वेळी नंबर लागला नाही म्हणून यंदा तुमच्या नावाच्या चार चिठ्ठ्या पडत नाहीत. इथे बहुतेक राज्यांत पडतात, आणि खरा गुंता तिथून सुरू होतो.

आधी साधी सोडत बघू. न्यू मेक्सिको आणि आयडाहो यांनी पॉइंट ठेवलेलेच नाहीत. दरवर्षी पाटी कोरी. वीस वर्षं अर्ज करणारा आजोबा आणि काल परवाना काढलेली मुलगी, दोघांची शक्यता सारखी. यापेक्षा समान काय असणार, असं वाटतं. पण शक्यता पन्नासात एक असेल, तर ३० वर्षं न चुकता अर्ज करूनही शंभरातल्या जवळजवळ ५५ जणांना एकदाही टॅग लागणार नाही. शक्यता शंभरात एक असेल, तर ७४ जण जन्मभर कोरडे राहतील. आणि त्याच ३० वर्षांत काही भाग्यवंतांना दोन-दोनदा लागेल. तुमच्या सहकाऱ्याला पहिल्या फटक्यात लागला, हे त्या गणिताचं हसरं टोक झालं. दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आपल्याला ऑफिसात भेटत नाही, तो राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या सुनावणीत माईकपाशी भेटतो. दर वर्षी सारखी संधी आणि जन्माअखेरीस सारखा वाटा या दोन वेगळ्या मागण्या आहेत. साधी सोडत पहिली पुरवते, दुसरी नाही.

दुसरी मागणी पुरवायला पॉइंट आले. कोलोरॅडोत एल्क, हरिण, प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखा प्राणी) आणि अस्वल यांच्यासाठी प्रेफरन्स पॉइंट चालतात: पहिली पसंती हुकली की एक पॉइंट, आणि टॅग आधी सर्वांत जास्त पॉइंटवाल्यांना. ही सोडत नव्हेच, सरळ रांग आहे. रांगेला आपण मनातून मान देतो. जो आधी आला त्याला आधी मिळावं, यात कुणाला अन्याय दिसत नाही.

आता आकडे मांडून बघा. समजा एका युनिटमध्ये दरवर्षी १० टॅग आहेत आणि दरवर्षी २०० नवे लोक रांगेत येतात. पहिल्या वर्षी आलेले २०० जण संपायला २० वर्षं लागतात. दुसऱ्या वर्षी आलेल्यांची पाळी २१ व्या वर्षी सुरू होते आणि ४० व्या वर्षी संपते. पाचव्या वर्षी आलेल्यांचं दार ८१ व्या वर्षी उघडतं. म्हणजे पाचव्या वर्षी पंचविशीत रांगेत लागलेला तरुण शंभरी ओलांडल्यावर डोंगर चढायला निघणार. प्रत्यक्षात लोक कंटाळतात, मरतात, दुसऱ्या युनिटकडे वळतात, म्हणून चित्र इतकं टोकाचं दिसत नाही. पण दिशा हीच. याला इथे ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात: तुम्ही वर्षाला एक पाऊल पुढे टाकता आणि दारही तेवढंच, कधी जास्त, मागे सरकतं. वायव्य कोलोरॅडोतल्या २, १० आणि २०१ या युनिटांमध्ये नर एल्कसाठी वीसहून बरेच जास्त पॉइंट लागतात. तुमच्याकडे सहा आहेत. मनातलं युनिट यांपैकी असेल तर सरळ सांगतो, निव्वळ रांगेने तुमचा नंबर लागणार नाही. तुमच्या पुढे उभी असलेली माणसं आणि दरवर्षीचे टॅग यांचा भागाकार कोलोरॅडोच्या विभागाच्या जाहीर अहवालांवरून स्वतः करून पाहा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि डोळे उघडतात.

निसर्गही मध्ये पाय घालतो. २०२२-२३ चा हिवाळा वायव्य कोलोरॅडो आणि नैर्ऋत्य वायोमिंगला फार कडक गेला. म्यूल डिअर (इथलं एक हरिण) आणि प्रॉन्गहॉर्न मोठ्या संख्येने मेले आणि पुढच्या हंगामाचे टॅग कापले गेले. टॅग कापले की रांग थांबते, पण रांगेत येणारे थांबत नाहीत.

तरीही रांग सगळीकडे वाईट असं मी म्हणणार नाही. जिथे एका टॅगमागे दोन-तीनच अर्ज आहेत, मादी एल्कचे टॅग किंवा मध्यम दर्जाची युनिटं, तिथे रांग उत्तम चालते. दर दोन-तीन वर्षांनी टॅग नक्की मिळतो, रजा टाकता येते, मुलांना घेऊन जाता येतं. मागणी जिथे वीसपट-चाळीसपट आहे तिथे मात्र रांग म्हणजे आधी जन्मलेल्यांचं आरक्षण, यापलीकडे काही उरत नाही. रांग सुरू झाली तेव्हा जे चाळिशीत होते त्यांना मिळालं. आज जे दहा वर्षांचे आहेत त्यांनी काय चूक केली, याचं उत्तर रांगेचे समर्थक मला अजून देऊ शकलेले नाहीत.

या दोघांच्या मधली वाट म्हणजे बोनस पॉइंट. यात पॉइंट असले तरी खात्री नाही, फक्त जास्त चिठ्ठ्या. नेवाडा आणि मोंटाना पॉइंटांचा वर्ग करतात, म्हणजे तो आकडा त्याच आकड्याने गुणतात. नेवाडात, वर एक मिळवून, २० पॉइंटवाल्याच्या ४०१ चिठ्ठ्या, १० वाल्याच्या १०१ आणि नवख्याची एक. ४०१ हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो, पण शेजारी आणखी हजार जण तेवढ्याच चिठ्ठ्या घेऊन उभे असतील तर त्याला फारसा अर्थ राहत नाही. नवख्याची एक चिठ्ठी तर त्या ढिगात शोधूनही सापडणार नाही. बाकीच्यांनी आपापली मिसळण केली आहे. अॅरिझोना २० टक्के टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांना आधी देतं आणि उरलेले बोनसच्या चिठ्ठ्यांनी. यूटाहात मर्यादित टॅगांपैकी निम्मे वरच्या पॉइंटवाल्यांना, निम्मे चिठ्ठीने. वायोमिंग परराज्यातल्यांना ७५ टक्के पॉइंटने आणि २५ टक्के नशिबाने देतं, पण स्वतःच्या रहिवाशांसाठी एल्क, हरिण आणि प्रॉन्गहॉर्नला पॉइंटच ठेवलेले नाहीत. घरच्यांना साधी सोडत, पाहुण्यांना रांग. यातून काय समजायचं ते समजा. कोलोरॅडोतही फार मागणीच्या टॅगांपैकी २० टक्क्यांपर्यंत टॅग किमान पाच पॉइंट असलेल्यांमध्ये चिठ्ठीने दिले जातात. तुमचे सहा पॉइंट तिथे कामाला येतात. बरेच लोक हे विसरतात आणि ‘आपला नंबर लागणारच नाही’ म्हणून त्या युनिटला अर्जच करत नाहीत.

आता सोडतीच्या आधीच्या चाळण्या. सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भांडणाची म्हणजे रहिवासी आणि परराज्यातले. परराज्यातला शिकारी म्हणतो, ज्या राष्ट्रीय वनात मी एल्क मारणार ते वन माझ्याही कराच्या पैशांवर चालतं. राज्य म्हणतं, वन सगळ्या देशाचं असेल, एल्क आमच्या जनतेचा. मोंटानात परराज्यातल्यांना एकत्रित परवान्यासाठी २२५ डॉलर आणि रहिवाशांना तशाच परवान्यासाठी ३० डॉलर लागायचे, साडेसातपट. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला: हौसेची शिकार हा काही मूलभूत हक्क नाही. पुढे अॅरिझोनाने परराज्यातल्यांना १० टक्क्यांची मर्यादा घातली तेव्हा २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने तिला आंतरराज्य व्यापाराच्या मुद्द्यावर अडवलं. राज्यांमध्ये धांदल उडाली आणि २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदाच करून टाकला की रहिवासी आणि बाहेरचे यांत भेद करणं राज्यांच्या अखत्यारीत आहे. कायद्याने प्रश्न मिटला. मला स्वतःला रहिवाशांना झुकतं माप देणं पटतं, कारण पिकात घुसणारे आणि कुंपणं मोडणारे एल्क वर्षभर तेच सोसतात. पण आयोगाच्या बैठकीत रहिवाशांची मतं असतात आणि परराज्यातल्याचं फक्त पाकीट असतं, त्यामुळे हा वाटा दर काही वर्षांनी एकाच बाजूला सरकतो. वायोमिंगने मूस (एल्कहून मोठं हरिण) आणि बिगहॉर्न या रानमेंढ्याचे टॅग रहिवासी ९०, बाहेरचे १० असे करून टाकले. २०२५ पासून कोलोरॅडोनेही परराज्यातल्या तिरंदाजांचा पश्चिम भागातला एल्कचा खुला, म्हणजे सोडतीशिवाय मिळणारा, परवाना बंद केला. ही सगळी गर्दी मग सोडतींमध्येच येऊन पडते.

तुमच्या सहकाऱ्याकडे परत येऊ. न्यू मेक्सिकोची सोडत निव्वळ नशिबाची म्हणून वाखाणली जाते, पण डबे तीन आहेत: ८४ टक्के रहिवाशांचा, १० टक्के आउटफिटरशी (पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या व्यावसायिकाशी) करार केलेल्यांचा आणि ६ टक्के बाकीच्या परराज्यातल्यांचा. त्याने आउटफिटरशी आधी करार केला होता का, हे विचारा. केला असेल तर तो वेगळ्या, बहुधा कमी गर्दीच्या डब्यात होता आणि त्या डब्यात शिरायची किंमत काही हजार डॉलर आहे. तिथे आणखी एक दरवाजा आहे. एल्कना आसरा देणाऱ्या खासगी जमिनीच्या मालकांना राज्य परवान्याची अधिकारपत्रं देतं, आणि मालक ती विकू शकतो. म्हणजे तो टॅग कुठल्याच डब्यातून निघत नाही, बाजारभावाने मिळतो. कोलोरॅडोतही जमीनमालकांचे व्हाउचर आहेतच. जमीनमालकाला काहीतरी मिळावं हे मला मान्य आहे. हिवाळ्यात एल्क त्याचंच गवत खातात. पण मग ‘प्राणी जनतेचा’ हे वाक्य उच्चारताना आवाज जरा खाली ठेवावा.

पैशाची चाळणी याहून गुपचूप काम करते. काही राज्यं अर्जासोबतच टॅगची पूर्ण किंमत मागतात, हुकला की परत. न्यू मेक्सिकोत परराज्यातल्याला बिगहॉर्नसाठी तीन हजार डॉलरच्या वर भरून ठेवावे लागतात. महिना-दोन महिने एवढी रक्कम अडकवणं ज्याला परवडत नाही तो अर्जच करत नाही, आणि ज्याला परवडतं त्याची शक्यता त्यामुळे वाढते. कोलोरॅडोने २०१८ मध्ये ही आगाऊ वसुली बंद केली, तर मूस, मेंढा आणि पहाडी बकरा यांच्या अर्जांची संख्या एकदम उसळली. लोक चिडले, ‘आमची शक्यता गेली’ म्हणाले. खरं तर त्यांची आधीची शक्यता दुसऱ्यांच्या रिकाम्या खिशामुळे होती. इथे माझं मत शिकाऱ्यांच्या बहुमताविरुद्ध आहे हे मला ठाऊक आहे. वायोमिंग तर हे उघडपणे करतं: परराज्यातल्यांसाठी त्याच एल्कचा, त्याच युनिटचा साधा टॅग सुमारे ७०० डॉलरला आणि ‘स्पेशल’ टॅग २०२४ पासून १,९५० डॉलरला. स्पेशलमध्ये वेगळं काही नाही, डबा वेगळा. निदान ते लपवत तरी नाहीत.

पॉइंटांचाही पैसा होतो, आणि या मुद्द्याकडे फार कमी लोक बघतात. बऱ्याच राज्यांत अर्ज न करता नुसता पॉइंट विकत घेता येतो. काही ठिकाणी त्यासाठी त्या राज्याचा शिकारीचा परवानाही घ्यावा लागतो, जो शिकारीला न जाणाऱ्याला दुसऱ्या कशालाही उपयोगी नाही. म्हणजे रांग जितकी लांब, तितकी विभागाची वार्षिक मिळकत जास्त. विभागातली माणसं लबाड आहेत असं मी म्हणत नाही; जी भेटली ती बहुतेक कळकळीची होती. पण ज्या संस्थेचं अंदाजपत्रक वाट बघणाऱ्यांच्या पैशांवर उभं आहे ती वाट बघणं कमी करायची घाई करणार नाही. वीस वर्षं पॉइंट विकत घेतलेला माणूसही रांग मोडू देणार नाही, कारण त्याची वीस वर्षांची गुंतवणूक बुडेल. या दोन गाठी एकमेकींना घट्ट करतात, म्हणून पॉइंटांची पद्धत एकदा आली की जात नाही.

लिलावाच्या टॅगवर लोक सर्वांत जास्त संतापतात, आणि माझ्या मते सर्वांत कमी कारणाने. २०१३ मध्ये मोंटानाचा बिगहॉर्नचा एक टॅग ४,८०,००० डॉलरला गेला. एक टॅग, आणि त्यातून आलेला पैसा मेंढ्यांच्या कामासाठी. पाळीव मेंढ्यांकडून येणाऱ्या न्यूमोनियाने बिगहॉर्नचे कळपच्या कळप बसतात. त्यांची तपासणी, स्थलांतर, नव्या जागी पुनर्वसन यांना पैसा लागतो. एखाद्या धनिकाने एक मेंढा मारून तो दिला तर सोडतीतल्या कुणाचं काय बिघडलं? हिशेबात न दिसण्याइतकं थोडं. पण यूटाहात असे लिलावाचे टॅग, तिथे त्यांना कॉन्झर्वेशन परमिट म्हणतात, शेकड्यांनी बाजूला काढले जातात, आणि शिवाय २०० टॅग सॉल्ट लेक सिटीच्या प्रदर्शनातल्या वेगळ्या सोडतीला जातात. अर्ज पाच डॉलरचाच असतो, पण हे टॅग मुख्य सोडतीच्या बाहेर गेले ते गेलेच. एका टॅगचा अपवाद मी खपवून घेईन. शेकडो टॅगांना अपवाद म्हणता येत नाही, तो दुसरा कोटाच झाला.

मग नशीब आणि पैसा दोन्ही नकोत, गरजेनुसार वाटा, असं कुणी म्हणेल. तेही करून झालंय. अलास्कात पोटासाठी शिकार करणाऱ्यांच्या ‘टिअर टू’ परमिटसाठी प्रश्नावली भरून गुण मिळतात: त्या कळपावर तुम्ही किती वर्षं अवलंबून आहात, जवळपास अन्न आणि इंधन किती महाग आहे, वगैरे. ग्रामीण रहिवाशांना थेट प्राधान्य देणारा राज्याचा कायदा १९८९ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या विरोधात ठरवला, तेव्हा गरज मोजायचा हा मार्ग आणखी महत्त्वाचा झाला. हेतू चांगला आहे. पण जुन्या वर्षांना गुण म्हटलं की पुन्हा तरुण कुटुंबं मागे पडतात, आणि माणसं प्रश्नावलीला शोभतील अशी उत्तरं द्यायला शिकतात. गरज मोजणं सोडतीपेक्षा अवघड आहे.

सोडतीच्या यंत्राबद्दलही दोन शब्द. सचोटी असूनही सोडत चुकू शकते. १ डिसेंबर १९६९ ला व्हिएतनाम युद्धाच्या भरतीसाठी जन्मतारखांच्या कुप्या काढल्या गेल्या. त्या नीट ढवळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे नंबर आधी निघाले. कुणी कट केला नव्हता, फक्त ढवळणं कमी पडलं. आज ढवळायचं काम संगणक करतो. ते तपासता यावं यासाठी संगणक ज्या आकड्यापासून चिठ्ठ्यांचा क्रम काढतो तो आणि पद्धत सोडतीआधीच जाहीर करून ठेवणं स्वस्त आणि सोपं आहे. प्रत्येक राज्याने ते करावं असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

नियमांच्या फटी मात्र खऱ्या आहेत. वायोमिंग आणि यूटाहात गटाने अर्ज केला तर सगळ्यांच्या पॉइंटांची सरासरी धरतात, म्हणून १६ पॉइंटवाल्या आजोबांबरोबर शून्य पॉइंटवाला नातू थेट आठवर जाऊन बसतो. कोलोरॅडोत गटातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचा आकडा धरतात, तिथे ही युक्ती चालत नाही. अॅरिझोनात आई-वडील किंवा आजी-आजोबा आपला टॅग अल्पवयीन मुलाच्या नावे करू शकतात. ही कल्पना मला आवडते, पण त्यामुळे शिकारीची हौस नसलेली आजीसुद्धा अर्जदार होते, आणि ज्या पोरांच्या घरात असे आजी-आजोबा नाहीत त्यांची शक्यता आणखी पातळ होते. परत आलेल्या टॅगांचं तर विचारू नका. कोलोरॅडोत ते बुधवारी सकाळी ११ वाजता विक्रीला निघतात आणि चांगले असतील तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात. त्या वेळी संगणकासमोर कोण बसू शकतं? तुम्ही आणि मी. छपराचं काम करणारा किंवा दवाखान्यात पाळीवर असलेली नर्स नाही. टॅग पाच असतील तर तेही चिठ्ठीने द्यावेत.

मला निवडायला सांगितलं तर दुर्मीळ टॅगांसाठी मी आयडाहोचा नियम निवडेन. पॉइंट नाहीत. मूस, मेंढा किंवा बकऱ्यासाठी अर्ज केलात तर त्या वर्षी हरिण, एल्क, प्रॉन्गहॉर्नच्या नियंत्रित शिकारीच्या सोडतीत उतरता येत नाही, म्हणजे खरोखर हवं तेच मागावं लागतं. मूस, मेंढा, बकरा साधारणपणे आयुष्यात एकदाच मारता येतो. नर एल्कचा नियंत्रित टॅग लागला की पुढचं वर्ष थांबायचं. लागलेल्याला बाजूला बसवलं की न लागलेल्याची शक्यता आपोआप वाढते, आणि त्यासाठी कुणाला वीस वर्षं पैसे भरावे लागत नाहीत. ‘पण मग मला कधीच लागला नाही तर?’ ही तक्रार उरतेच. ती मला मान्य आहे. पंचविशीतल्या मुलीला शंभरीचा नंबर देण्यापेक्षा ती मी पत्करतो. आयडाहोची एक गोष्ट मात्र मला नको, ती म्हणजे या तीन जनावरांसाठी पूर्ण रक्कम आगाऊ भरायची अट. मध्यम मागणीच्या टॅगांना कोलोरॅडोसारखी रांग चालू द्यावी. आणि जिथे पॉइंट आधीच साठलेत तिथे ते एका दिवसात रद्द करणं हा विश्वासघात होईल. नवे पॉइंट देणं थांबवावं, निम्मे टॅग जुन्या पॉइंटवाल्यांना देत राहावं, निम्मे साध्या सोडतीला, आणि जुनी रांग संपू द्यावी. वेळ लागेल, पण शेवट दिसतो.

हे होईपर्यंत तुम्ही काय करायचं? सहा पॉइंट बिगहॉर्नच्या स्वप्नासारखे जपून ठेवू नका. कोलोरॅडोत चार-पाच-सहा पॉइंटवर चांगली नर एल्कची युनिटं मिळतात, रायफलपेक्षा मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची जुन्या धर्तीची बंदूक) किंवा तिरंदाजीत जास्त. ते आत्ता खर्च करा, गुडघे चांगले आहेत तोवर. वरच्या युनिटसाठीच थांबायचं असेल, तर पहिली पसंती तिथे टाकून त्या २० टक्क्यांच्या चिठ्ठीत राहा आणि दुसऱ्या पसंतीला मादीचा टॅग मागा. दुसऱ्या पसंतीचा टॅग लागला तरी कोलोरॅडोत पॉइंट खर्च होत नाहीत, उलट एक वाढतो. काही युनिटांत तुम्हाला रहिवासी म्हणून सोडतीशिवायचा खुला टॅगही मिळतो. गर्दी असते, पण सप्टेंबरात एल्कची साद ऐकायला पॉइंट लागत नाहीत. आयडाहोत आणि न्यू मेक्सिकोत दरवर्षी अर्ज टाकत राहा, आगाऊ रक्कम झेपत असेल तरच. नेवाडात आणि यूटाहात आज शून्यापासून पॉइंट जमवायला सुरुवात करण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. तोच पैसा पेट्रोलवर आणि बुटांवर घाला. कोलोरॅडोच्या मुख्य सोडतीची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. त्याआधी मागच्या वर्षीचे अहवाल काढून तुमच्या तीन युनिटांच्या रांगा मोजा, आणि आकड्यांत अडलात तर ते इथेच टाका, मी बघून सांगतो.